न घातलेलं पाणी

सेगुलाबाईंनी बाप्तिस्मा घेतला असता तर विमलाबाईंच्या पदरात काय पडलं असतं, ते आधी बघून घेऊ. एक म्हणजे मान. ईस्टरच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, धर्ममाता म्हणून वेदीजवळ उभं राहायला मिळालं असतं, हातात मेणबत्ती, अंगावर मोतिया रंगाची साडी, आणि कॉयरमधल्या उज्वला साळवेला ते सगळं खालच्या बाकावरून बघावं लागलं असतं. दुसरं म्हणजे सोमनाथराव. विमलाबाईंचे यजमान वारले तेव्हा त्यांची वरच्या दरबारातली बाजू जरा लंगडीच होती. शनिवारी दारू, आणि शनिवारच्या दारूमुळे रविवारी मिस्साला दांडी. स्वर्गाच्या आधी आत्मे जिथं धुवून काढतात त्या शुद्धिस्थानात त्यांचा मुक्काम लांबणार, हे उघड होतं. पण बायकोनं एक यहुदी बाई ख्रिस्ताच्या पायाशी आणली तर नवऱ्याला थोडी सूट मिळायला हरकत नसावी. असं कुठल्या धर्मशिक्षणात शिकवत नाहीत. विमलाबाईंनी ते आपलं आपण ठरवलं होतं, आणि आपण एकदा ठरवलं की देवही फारसे आढेवेढे घेत नाही असा त्यांचा समज होता.

तिसराही एक फायदा होता. तो त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी बोलून दाखवला नव्हता, त्यामुळे आपणही तूर्त तो बाजूला ठेवू.

नाशिकरोडला जेलरोडच्या मागच्या अंगाला अजून काही बैठी घरं उंच इमारतींच्या मधे अंग चोरून उभी आहेत. तिथं या दोघींची घरं, भिंतीला भिंत लागलेली. विमलाबाई पिंपळगाव बसवंतच्या; वडील लोकांच्या द्राक्षबागांत कलमं बांधायचे, आणि मिशनच्या शाळेत शिकून पोरगी नर्स झाली. सेगुलाबाई पेझारकर अलिबागकडच्या, बेने इस्राएल. म्हणजे यहुदी, पण कोकणात पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवलेले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक ज्यांना शनिवार तेली म्हणायचे, त्यांतले. यजमान रेल्वेत गार्ड होते. बदली होऊन नाशिकरोडला आले आणि इथंच राहिले, इथंच गेले.

सेगुलाबाई नक्की कोण हे गल्लीला कधी नीट उमगलं नाही. समोरच्या नसीमला त्या पारशी वाटायच्या. किराणावाला रंगनाथ त्यांना नाताळच्या शुभेच्छा द्यायचा आणि त्या "तुम्हालाही" म्हणून साखर घेऊन यायच्या. विमलाबाईंना मात्र पक्कं माहीत होतं, आणि वीसेक वर्षं त्या या बाईच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. दर वर्षी येशूच्या पवित्र हृदयाचं कॅलेंडर भेट. गुडघ्याला चोळायला बाळ येशूच्या यात्रेतलं तेल. सेगुलाबाई तेल चोळून घ्यायच्या आणि कॅलेंडर फडताळाच्या दाराला आतून लावायच्या, म्हणजे आल्यागेल्याला दिसत नसे आणि दुधाचे खाडे लिहायला सोयीचं पडे.

"ताई, येशू तुमच्यातलाच ना गं?" विमलाबाई विचारायच्या.

"आमच्यातलाच. म्हणून तर अडतं. घरातल्या पोराला कोण देव म्हणतं?"

विमलाबाई छातीवर क्रूस काढायच्या आणि चहा ओतायच्या. संध्याकाळचा चहा मागच्या पायरीवर, दोघींचा मिळून, एका आड एक दिवस एकीच्या दुधाचा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर दानीएलचा फोन आला. दानीएल हा सेगुलाबाईंचा एकुलता एक मुलगा. अश्दोदच्या बंदरात क्रेन चालवतो, बायको तिकडचीच, दोन मुली. इस्राएलला कायमचं येण्यासाठी आईचे कागद तो कधीपासून जमवत होता. ते जमले. आता एक मुलाखत तेवढी राहिली, म्हणाला, मग तिकीट.

सेगुलाबाईंनी ही बातमी मेथी निवडता निवडता सांगितली, कुणी रेशनकार्डाचं काम झाल्याचं सांगावं तशी.

"मग?" विमलाबाईंनी विचारलं.

"मग काय. तो म्हणतो, देवानं अब्राहामाला त्या देशाचं वचन दिलं होतं, आई. आपले बापजादे दोन हजार वर्षं थांबले आणि तुझ्या पाळीला दार उघडलं. आता मी त्याला काय सांगू? की मला जेलरोड सोडवत नाही?"

"सांग की. सोडवत नसेल तर सांग."

"एकीकडे देवाचं वचन आणि एकीकडे जेलरोड. बोलताना मलाच लाज वाटेल." त्यांनी एक पिवळं पान खुडून टाकलं. "तिथली भाषा येत नाही. सायरन वाजला की तळघरात पळायचं, माझे हे गुडघे. त्या सुनेशी मी आतापर्यंत हातवारे करूनच बोलले आहे. पण पोराला नाही कसं म्हणू? आणि देवाला कसं म्हणू?"

मेथीची जुडी संपली. मग सेगुलाबाई आवाज उतरवून म्हणाल्या, "एक वाट आहे. मुलाखतीत विचारतात, धर्म बदललाय का. यहुद्यांना तिथं वसवायचा जो कायदा आहे, त्यात बदललेल्याला घेत नाहीत. ठाण्याच्या आमच्यातल्या रिबेकाच्या दिराचं त्यावरच अडलं."

"मग?"

"मग मग काय करतेस? वीस वर्षं मागे लागली होतीस ना? घाल पाणी."

लष्कराच्या भरतीत जायचं नसलेला मुलगा घरी नाही म्हणू शकत नाही, तेव्हा मेडिकलमध्ये नापास व्हायला बघतो, तसाच हा प्रकार. आपण नकार द्यायचा नाही, फक्त बाद व्हायचं. दोष कुणाच्याच अंगाला लागत नाही. सेगुलाबाईंसारखी हुशार बाई असली वाट काढते याचं विमलाबाईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांना असा काही आनंद झाला की त्यांनी पायरीचा कठडा धरला. मान आठवला नाही, सोमनाथराव तर अजिबात आठवले नाहीत. एवढंच आठवलं की ही जाणार नाही. भिंतीपलीकडे पहाटे खोकला ऐकू येईल आणि इकडे आपल्याला कळेल, उजाडलं, दोघी आहोत. पुण्याची लेक हर्षाली रविवारी फोन करते, चांगली पोर आहे, पण तिला आपला खोकला ऐकू जात नाही.

हाच तो तिसरा फायदा.

दुसऱ्या दिवशी त्या फादर लिनसना गाठायला गेल्या. फादर वसईचे, वयानं तरुण, वर्षापूर्वी आलेले. प्रवचन आटोपशीर करतात म्हणून लोकांना आवडायचे. ते चर्चच्या पडवीत बसून बिघडलेला माईक खोलत होते.

"फादर, बाप्तिस्मा किती लवकर उरकतो?"

"कुणाचं बाळ आहे?"

"त्र्याहत्तर वर्षांचं."

फादरांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. विमलाबाईंनी सगळं सांगितलं. लपवलं असतं तर फादरांनी विचारून काढलं असतं.

"त्यांची येशूवर श्रद्धा बसलीय?"

"गुडघे दुखतात तिचे."

"विमलाबाई."

"बसेल हो हळूहळू. आधी पाणी तर पडू द्या."

"मोठ्या माणसाला आपण महिनोन् महिने तयारी करायला लावतो. मुलाखतीत नापास व्हायला कुणाला बाप्तिस्मा देत नाही." फादर हसले नाहीत, पण त्यांचा आवाज मऊ होता. "आणि मुलाखत नसती, तरी तुम्ही मागे लागायचं नव्हतं. आपली श्रद्धा आपण लपवत नाही. कुणी आपणहून श्रद्धेनं आला तर दार उघडं आहे. पण यहुद्यांना ओढून आणायची मोहीम चर्च चालवत नाही. देवानं त्यांना जे वचन दिलं ते त्यानं मागे घेतलेलं नाही. संत पौलच सांगून गेलाय, देव एकदा दिलेलं परत मागत नाही."

"मग गुड फ्रायडेला आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो ती कशाला? गुडघे टेकून? माझेही दुखतात, तरी मी टेकते."

"काय मागतो आपण तिच्यात?"

"हेच की. त्यांचे डोळे उघडू देत. आमच्यात येऊ देत. असंच काहीतरी."

"माझ्या आजीच्या तरुणपणी तसं होतं. ते बदलून पन्नास वर्षं झाली." फादर आत जाऊन पुस्तक घेऊन आले, पान काढलं आणि बोट ठेवून सावकाश वाचून दाखवलं. देव ज्यांच्याशी सर्वांत आधी बोलला ते लोक त्याच्या नावावरच्या प्रेमात वाढत राहोत, त्याच्या कराराला धरून राहोत, असं त्यात होतं. "पुढं त्यांना तारणाची पूर्णता मिळो, असंही मागतो. तेही मी झाकून ठेवत नाही. पण ती कशी आणि केव्हा, हे देवाकडे सोडलंय. आपण तारीख देत नाही."

विमलाबाईंनी पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. दर वर्षी त्या प्रार्थनेच्या वेळी त्या डोळे मिटून सेगुलाबाईंचा चेहरा समोर आणायच्या आणि शब्दांकडे त्यांचं लक्षच नसे. शब्द काय असणार हे आपल्याला ठाऊक आहे, अशी खात्री असलेल्या माणसाचं नसतंच.

"म्हणजे मी इतकी वर्षं गुडघे टेकून काय मागत होते? सेगुलाबाई चांगली यहुदी राहो?"

"आणि वर आमेन म्हणत होता. या वर्षी मी ऐकलं ना, सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच."

विमलाबाईंनी पुस्तक मिटून परत दिलं. त्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच प्रार्थना अशाच वाऱ्यावर गेल्या होत्या, सोमनाथरावांच्या दारूसाठी केलेल्या तर सगळ्याच. नेमकी ही एक, न वाचता केलेली, देवानं वर्षानुवर्षं न चुकता ऐकली होती.

मग त्यांना एक फट दिसली. "बरं, वचन कायम. पण ती जमीन? दानीएल म्हणतो जमिनीचंच वचन आहे."

"करार कायम आहे, एवढं चर्च म्हणतं. आजचा देश, त्याच्या सरहद्दी, हे देशादेशांच्या कायद्यानं ठरायचं, तिथं राहणाऱ्या सगळ्यांना न्याय बघून. बायबल उघडून चर्च कुणाला नकाशा काढून देत नाही."

"म्हणजे तिनं गेलंच पाहिजे, असं नाही."

"नाही."

"राहिलंच पाहिजे?"

"असंही नाही."

"तुम्ही फादर लोक एका बाजूनं कधी बोलणार?"

"पौल बोललाय की," फादर म्हणाले. "तो म्हणतो, ऑलिव्हचं झाड त्यांचं. आपण रानातली फांदी, त्यावर बांधलेलं कलम."

"ऑलिव्ह कुणी बघितलाय? आणि हे उलटं आहे. आमच्याकडं द्राक्षाला खाली खुंट रानटी लावतात आणि वर डोळा चांगल्या वेलीचा बांधतात. रानटी डोळा चांगल्या खुंटावर कोण बांधेल?"

"कुणी बांधणार नाही. म्हणून तर पौलही म्हणतो, हे निसर्गाच्या उलट झालंय."

घरी येताना रिक्षात विमलाबाई तेच घोळवत होत्या. आपण रानटी, आणि गोडी खालून, त्यांच्या मुळातून येते. म्हणजे आपण खुंटाला सांगत होतो की बाबा, तू आता आमच्यासारखा हो. वडिलांनी ऐकलं असतं तर मजुरीवरून काढून टाकलं असतं.

पण समजणं वेगळं आणि दाराशी येणं वेगळं. कुलूप काढेपर्यंत पलीकडून हाक आली. सेगुलाबाई मोरीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. अंबाडा सोडलेला, खांद्यावर टॉवेल, शेजारी तांब्या भरून ठेवलेला. पोरीला न्हायला बसवावं तशा.

"फादर काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"मग तू घाल. दवाखान्यात तुमच्या बायकांची अर्ध्या जिवाची बाळं जन्मली की तूच घालायचीस ना? फादर पोचेपर्यंत कुठं थांबायचीस?"

"ती मरायला टेकलेली असायची, ताई."

"मी काय धडधाकट आहे?"

विमलाबाईंनी तांब्या उचलला. पाणी कोमट होतं. बाईनं तेवढी काळजी घेतली होती. शब्द थोडेच, त्यांना ते झोपेतही म्हणता आले असते. तीनदा धार. फादरांनी नंतर कितीही डोकं धरलं असतं, पण मुलाखतीच्या टेबलावर एवढं सांगणं पुरलं असतं, आणि भिंतीपलीकडचा खोकला शेवटपर्यंत राहिला असता. खाली सेगुलाबाईंनी मान वाकवली होती. पांढऱ्या केसांतला भांग रुंदावला होता, मानेवरची कातडी कोंबडीच्या पिलासारखी पातळ. डोळे घट्ट मिटलेले. भीतीनं, भक्तीनं नव्हे. नर्सला तेवढं कळतं. इंजेक्शनला माणूस असेच डोळे मिटतो.

हात तसाच वर राहिला. मग विमलाबाई म्हणाल्या, "शिकेकाई कुठंय?"

"कशाला?"

"केस बघ काय झालेत तुझे. हात वर जात नाहीत तर सांगायचं होतंस."

आणि त्यांनी सेगुलाबाईंना न्हाऊ घातलं. शिकेकाई चोळली, कानामागं बोटं फिरवली, तीनच काय, दहा-बारा तांबे घातले.

"हाच का तुमचा बाप्तिस्मा?" फेसाखालून प्रश्न आला.

"नाही. हे केस धुणं."

"म्हणजे तू नाही घालणार."

"नाही." विमलाबाईंनी टॉवेल घेतला. "मी तुझ्यासाठी गुडघे टेकून मागितलंय, तू आहेस तशी राहावीस म्हणून. चुकून मागितलं, पण मागितलं. आता मीच पाणी घालून ते खोटं करू? तुला नाही म्हणायचं तर तुझ्या तोंडानं म्हण. पोराला सांग, मला यायचं नाही. त्यात देवाला कशाला मधे घालतेस? माझ्या देवाला तर मुळीच नको."

"दुष्ट आहेस," सेगुलाबाई म्हणाल्या.

"आहेच. डोकं पुढं कर."

तसाच, टॉवेल डोक्याला गुंडाळून, सेगुलाबाईंनी फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. दानीएल बंदरावरच होता, मागं यंत्रांची घरघर.

"दानी, मला यायची भीती वाटते."

सेगुलाबाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मला वाटतं मी येऊ नये," सेगुलाबाई म्हणाल्या, आणि अब्राहाम, बापजादे, दोन हजार वर्षं यांतलं काही बोलल्या नाहीत. "मी इथं ठीक आहे."

विमलाबाई उंबऱ्यावर बसून टॉवेलमधून गळणारं पाणी फडक्यानं टिपत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मग नको येऊस, आई," दानीएल म्हणाला. "मी एवढं मागं लागलो, कारण मला वाटलं तुला कुणी विचारलं नाही असं वाटेल. आलीस तर बरं वाटेल. नाही आलीस तर मी वर्षातून एकदा येत जाईन. देव काही हजेरी घेत नाही."

तर असं ते झालं. अगदी सरळ. विमलाबाईंना तिसरा फायदा मिळाला, तोही बाप्तिस्म्याच्या पाण्याचा एक थेंब न घालता. त्यांनी मनातल्या मनात आभार मानायला सुरुवातसुद्धा केली.

सेगुलाबाई फोन हातात धरून बसल्या होत्या. ठेवत नव्हत्या. मोकळं सोडलेलं जनावर काही वेळ दावणीपाशीच उभं राहतं, तशा.

"दानी," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमच्या जिन्याला कठडा आहे का रे?"

"आहे ना. दोन्ही बाजूंनी."

"बाजार लांब आहे का घरापासून? मासे मिळतात?"

विमलाबाईंनी फडकं पिळलं आणि चहा ठेवायला उठल्या. त्या मायलेकांचं बोलणं बराच वेळ चालणार होतं. ज्या घरी जायचंच नाही त्याच्या जिन्याची चौकशी कुणी करत नाही. बांधून नेत होते तोवर ही बाई पाय रोवून उभी होती. दोरी सुटली आणि तिला एकदम पलीकडचं गवत दिसलं. आणि दोरी कुणी सोडायला लावली, तर आपणच.

जायच्या आधी सेगुलाबाईंनी मलिदा केला. प्रवासाला निघताना, नवस फेडताना बेने इस्राएल लोक एलियाहू नबीच्या नावानं करतात तो. गोड पोहे, वर खोबरं, सुका मेवा आणि पाच तऱ्हेची फळं. ठाण्याहून रिबेकाकडची माणसं आली, त्यांनी हिब्रूत म्हणायचं ते म्हटलं. खोबरं विमलाबाईंनी खवलं. फादर लिनस मागच्या खुर्चीत बसून दोनदा मागून घेऊन खात होते, आणि नसीमनं फाटकापाशी रंगनाथला समजावून सांगितलं की या पारशी नव्हत्या, बरं का.

निघताना सेगुलाबाईंनी विमलाबाईंचा हात धरला. "ती प्रार्थना बंद करू नकोस हं."

"कोणती?"

"चुकून केलेली. तुझ्या नीट केलेल्यांवर माझा भरवसा नाही."

"आणि तू तिथं काय मागशील?"

"मला काही मागायला येत नाही. तुझं नाव घेईन. मी म्हणेन, हिनं मला पाणी घातलं नाही."

गल्लीतल्या गोरक्षच्या टॅक्सीचं दार लागलं. गल्लीच्या तोंडाशी ब्रेकचे दिवे क्षणभर दिसले, मग गाडी जेलरोडला लागली.

आता कुणाला काय मिळालं आणि कुणी काय भरलं ते बघू. दानीएलला आई मिळाली. दोन नातींना हातवारे न करता मराठीत रागावणारी आजी मिळाली. देवाचा शब्द राहिला, तो राहणारच होता. त्यासाठी त्याला वेगळं काही करावं लागलं नाही. सेगुलाबाईंनी जेलरोड दिला आणि मोबदल्यात दोन्ही बाजूंनी कठडा असलेला जिना घेतला, म्हणजे त्यांचं साधारण फिटलं. राहिला तो सगळा बोजा भिंतीच्या अलीकडं एकटीवर आला. तिनं कुणाकडं तक्रार केली नाही. संध्याकाळी आधणात एकच कप पाणी टाकून, रोज थोडं थोडं, ती तो भरायला लागली.